ते 15 सिटिंग आले कुठून?

प्रश्न : ताई, माझ्या वहिनीला ब्रेस्ट कॅन्सर झालाय. ऑपरेशन झालं, आता रेडिएशन चालूय, 15 सिटिंग सांगितलेत त्यातले 11 झाले. ऑफिसात कॅन्सर संशोधनासाठी पैसे गोळा करतायत, मलाही विचारलं, पण मनच होत नाहीये. संशोधन म्हणजे वीस वर्षांनी कधीतरी औषध निघणार, आज जे घर खचलंय त्याला काय उपयोग? तेच पैसे दादाच्या हातात दिले तर चुकेल का? – एक वाचक

उत्तर : अजिबात नाही चुकणार. आधी दादाच्या हातात द्या, आणि तो नको म्हणाला तरी द्या.

पण "आजच्या घराला काय उपयोग" याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे बघा, त्या 15 आकड्यात. आधी कित्येक ठिकाणी पाच आठवड्यांत 25 सिटिंग द्यायची पद्धत होती. मग ब्रिटनमध्ये स्टार्ट नावाची ट्रायल झाली, तिच्या एका भागात 2215 बायका होत्या, काहींना 25 आणि काहींना तीन आठवड्यांत 15, आणि मग वर्षानुवर्षं त्यांची तपासणी चालू ठेवली. 2013 साली दहा वर्षांचे निकाल आले, 15 वाल्यांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं आणि त्रासही उलट कमीच दिसला. याला सरकारी पैसा होता तसाच कॅन्सर रिसर्च यूकेचाही होता, आणि ही संस्था लोकांच्या देणग्यांवर चालते. आता सांगा, उपचार कमी करून चालतं हे सिद्ध करायला कुठली कंपनी पैसे घालेल?

माझ्या बहिणीचे 25 होते, मी सोबत जायचे. मशीनखाली जेमतेम काही मिनिटं, पण जाणं, येणं, बाकावर नंबरची वाट बघणं यात अर्धा दिवस जायचा. अंगावर पेनाने काढलेल्या खुणा पुसू नयेत म्हणून अंघोळ पण जपून. चौथ्या आठवड्यात एकदा दारात चप्पल घालता घालता ती खाली बसली आणि म्हणाली आज नको ना जाऊया. म्हणून कमी झालेले ते दहा दिवस माझ्यासाठी कुठल्याही नवीन औषधाएवढेच मोठे आहेत.

वेळ लागतो हे मात्र खरं, तुम्ही म्हणता ते खोटं नाही. 1948 मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ब्लड कॅन्सर झालेल्या 16 मुलांवरच्या औषधाचे निष्कर्ष छापले, 10 मुलं सुधारली पण थोड्याच काळापुरती. त्याच वर्षी त्यांच्या कामाला पैसे उभे करायला रेडिओवर एका आजारी मुलाचा आवाज ऐकवला आणि लोकांनी 2 लाख 31 हजार डॉलरच्या वर पैसे पाठवले. त्या मुलांच्या आईबापांना काही महिने जास्तीचे मिळाले, बस. पण त्या वाटेवर पुढे काम होत राहिलं आणि आज लहान मुलांमधला सगळ्यात जास्त आढळणारा ब्लड कॅन्सर बहुतेक मुलांमध्ये बरा होतो.

देणगी द्यायची झाली तर एक विचारून घ्या, पैसे संशोधनाला जाणार की पेशंटच्या मदतीला, दोन्ही चांगलंच पण वेगवेगळं आहे, आणि संस्थेचा वार्षिक अहवाल मागा. "लवकरच कॅन्सर संपवू" असं कोणी सांगत असेल तर मी तिथे देणार नाही. रक्कम छोटी असली तर लाजू नका, आणि या महिन्यात जमत नसेल तर ऑफिसात सरळ नाही म्हणा, घरात आजारपण आहे हे कारण पुरेसं आहे.

आणि वहिनींचे अजून चार राहिलेत ना, त्यातल्या एका दिवशी सुट्टी टाकून तुम्ही सोबत जा, दादाला जरा झोपू दे.