राजपुत्र, दासी आणि नकार

प्रश्न : ताई, मी वेंगुर्ल्याच्या बाजारात मासळी विकते. रात्री राजपुत्र-दासीच्या जादुई प्रेमकथा वाचते. तो मालक, ती नोकर. मग तिचा होकार खरा कसा मानायचा?

उत्तर : नेमकं विचारलंत. मी आधी बघते, ‘नाही’ म्हटल्यावर तिचं काय होतं? १७५६ साली मादाम द बोमाँ यांनी फ्रेंचमध्ये लिहिलेल्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये दिवाळं निघालेल्या व्यापाऱ्याची मुलगी श्वापदाच्या वाड्यात अडकते. ते रोज रात्री लग्नाचं विचारतं, ती नकार देते, तरी तिचा मान कमी होत नाही. पुढे ते तिला आठवडाभर वडिलांकडे जाऊ देतं. विश्वास मला तिथे दिसतो, जादूत नाही. तुमच्या कथेतली दासी वाड्याबाहेर पडू शकते का? नसेल, तर चुंबनाचा प्रसंग कितीही गोड लिहिलेला असो, मला ती घाबरलेलीच वाटते.