जंप करताना घोड्यावरून जोरात पडल्यावर पुन्हा आत्मविश्वास कसा मिळवायचा?

तुम्ही लिहिलंय की ऑक्सरवर (मागेपुढे दोन पोल असलेल्या रुंद जंपवर) घोडा अडकला, तुम्ही पडलात, मनगट मोडलं. आता चार महिन्यांनी ६० सेंटीमीटरचा साधा पोल (आडवा दांडा) समोर आला तरी हात आपोआप लगाम ओढतात. आणि क्लबातले सगळे म्हणतात, "त्याच दिवशी लगेच परत बसली असतीस तर ही वेळ आली नसती."

आत्मविश्वासावर इथे बरेच जण चांगलं लिहितील. मी त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. २००९ पासून तेच ऐकतोय.

मी अक्षीचा, अलिबागजवळचा. माझा बापूस अलिबागच्या किनाऱ्यावर घोडागाडी हाकायचा. ओहोटी लागली की माणसं गाडीत भरायची, कुलाबा किल्ल्यात सोडायची आणि पाणी चढायच्या आत परत आणायची. त्यामुळे खोगीर बघायच्या आधीपासून मला घोडा ठाऊक. पुढे आमच्या बाजूला एक रायडिंग स्कूल निघालं, शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या मुलांसाठी. तिथे मी सईस म्हणून लागलो. खरारा, चंदी, लीद उचलणं, हेच काम. तिथे शेवंती नावाची एक मारवाडी घोडी होती. उंची जेमतेम १४ हँड (एक हँड म्हणजे चार इंच), कान आत वळलेले, डोकं गरम. ती मुलांना अंगाला हात लावू देईना आणि मला देई, म्हणून सरांनी एक दिवस मलाच वर बसवलं. वर्षभरात आम्ही ९० सेंटीमीटर उंचीचे जंप करत होतो. मुलांचे आईबाप विचारायचे, हा कुणाचा मुलगा? सईस आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न नसायचा. हे मुद्दाम लिहितोय.

तर २००९ चा मे. पावसाआधीचा शेवटचा आठवडा. सरांनी डबल, म्हणजे लागोपाठ दोन जंप, लावला होता: आधी व्हर्टिकल (एकाच रेषेतला उभा जंप) आणि मग एका स्ट्राइडवर (धावत्या घोड्याच्या एका ढांगेवर) ऑक्सर. अंतर २४ फूट. पुस्तकी हिशोब बरोबरच होता: ६ फूट उतरायला, १२ फुटांची एक स्ट्राइड, ६ फूट उडायला. पण १२ फूट ही मोठ्या घोड्याची स्ट्राइड. शेवंतीची जोर लावून दहा-साडेदहा. आमच्या आधी दोन थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे उंच घोडे) त्यावरून सहज गेले. आम्ही व्हर्टिकल घेतला, उतरलो, आणि त्याच क्षणी मला कळलं की ऑक्सर लांब आहे. घोडीलाही कळलं. तिने मध्ये एक आखूड पाऊल घुसवलं, ऑक्सरच्या पार पायथ्याशी गेली आणि तिथून सरळ वर उडाली. पुढचा पोल पडला, मागच्यात पाय अडकले. तेव्हा आमच्याकडे मागच्या पोललाही साधेच कप (पोल टेकवायचे आधार) होते. हल्ली सेफ्टी कप असतात, वजन आलं की कप निसटतो आणि पोल खाली येतो. आमचा आला नाही. घोडी गुडघ्यांवर, मी तिच्या मानेवरून पुढे. कॉलरबोन मोडल्याचा आवाज बाहेरून येत नाही, आतून येतो, वाळकी फांटी मोडल्यासारखा.

सर धावत आले. पहिलं वाक्य: "चढ. आत्ता नाही चढलास तर भीती कायमची बसेल."

चढलो. सईसाला नाही म्हणायची सोय नसते. एका हातात लगाम, दुसरा हात पोटाशी. एकटा व्हर्टिकल घेतला. घोडी वर उठली तसा दुखण्याने माझा हात मागे गेला आणि कडियाळं (लगामाचं तोंडातलं लोखंड) तिच्या तोंडात कचकन बसलं. पुन्हा फिरवून आणली, तर या वेळी जागच्या जागी थांबली. तिसऱ्यांदाही थांबली. मला चक्कर यायला लागली तेव्हा कुठे मला उतरवलं.

संध्याकाळी बापूस दवाखान्यात आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घोरी तवा नाय परली. घोरी परली तू परत बसल्यावर." (आमच्या आगरीत घोडीची घोरी होते आणि पडलीची परली.)

अगदी तेच झालं होतं. पडलो तेव्हा एकट्या माझा विश्वास गेला होता, परत बसवल्यावर तिचाही गेला. त्या दिवसापर्यंत शेवंतीने एकदाही रिफ्यूज केलं नव्हतं. नंतर ती जमिनीवर ठेवलेल्या पोलपुढेही थबकायला लागली. दोन घाबरलेले जीव एकमेकांवर बसवले, यात कुणाचं धैर्य वाढतं ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. स्पर्धेतसुद्धा पडलात की तुमचा राउंड तिथेच संपतो. मग रोजच्या सरावात काय घाई असते?

सरांचं म्हणणं वेगळं होतं. गाडीवाल्यांची पोरं गाडीत बसल्यासारखी मागे रेलून बसतात, उडी घेताना पुढे येत नाहीत, म्हणून हा पडला. चार लोकांत सांगितलं. आता, पुढे झुकून जंप घ्यायची ही बैठक मुळात जुनी नव्हेच. कॅप्रिली नावाच्या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती आणली. त्याआधी सगळं युरोप मागे रेलूनच उड्या मारत होतं. आणि तो कॅप्रिलीही १९०७ मध्ये घोड्यावरूनच पडून गेला. तेव्हा मांड बरोबर असली की माणूस पडत नाही, हे मला सांगू नका.

तुमच्याकडे येतो. तुमचं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते आधी बघा. ६० सेंटीमीटर घोडा झोपेतही ओलांडतो, त्या उंचीला कुणी घाबरत नाही. माझं असं होतं की एकट्या जंपची भीती नव्हती, दोन जंपमधल्या जागेची होती. उतरल्यावर पुढचा पोल दिसला की अंग आकसायचं, श्वास अडकायचा, आणि श्वास अडकला की हात लगामावर. तुमचे हात ओढतात म्हणता ना, तो श्वास आधी कुठे अडकतो ते शोधा. दहा पावलं आधी, तीन पावलं आधी, की कोपरा वळतानाच? हे घोड्यासाठीही महत्त्वाचं. त्याला नाकासमोर अगदी जवळचं दिसत नाही, उडायच्या क्षणी पोल त्याच्या नजरेआड गेलेला असतो. आधी पाहून ठेवलेल्याच्या भरवशावर तो उडतो. नेमकं तेव्हाच लगाम ओढून त्याचं डोकं धरलंत तर तो थांबणार नाही तर काय करणार?

मी सावरलो ते स्कूलमध्ये नाही, किनाऱ्यावर. पावसात स्कूल बंद, गाड्याही बंद. दसऱ्यानंतर बापसाने त्याचा गाडीचा म्हातारा घोडा मला दिला. नाव राजा, वेग बैलाचा. वाडीत पडलेल्या पोफळीचे सोट कापून चार पोल केले आणि ओहोटीच्या ओल्या, कडक वाळूवर नुसते आडवे टाकले. वेळ बापूस तिथीवरून सांगायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पुनवेला पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाच-सव्वापाचला पाणी तळाला. तृतीयेला सकाळी सव्वाआठ. पुनवेपासून चतुर्थीपर्यंत आणि अवसेपासून चतुर्थीपर्यंत सकाळी घोडा काढायचा, बाकीचे दिवस गाडी धुवायची. अष्टमीला सकाळी सहाला भरती, तेव्हा सुट्टी.

सोटांमधलं अंतर बापूस स्वतःच्या पावलांनी मोजायचा. मोठ्या घोड्याला ट्रॉटसाठी (दुडक्या चालीसाठी) साडेचार फूट ठेवतात, राजाला आम्ही चारच ठेवलं. आधी चालवत न्यायचं, मग ट्रॉट. आणि बोलत राहायचं, हा बापसाचा हुकूम. गप्प बसलो की ओरडायचा. काय बोलणार? शेवटी पाऊणकी म्हणायला लागलो. भरतीच्या हिशोबाने ती तोंडात होतीच. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड. मोठ्याने पाढा म्हणणाऱ्याला श्वास रोखून धरता येत नाही, एवढंच त्यातलं गुपित. पहाटे फिरायला आलेले पर्यटक बघत उभे राहायचे. राहू देत.

तीन आठवडे हेच. उडी एकही नाही. मग एका सोटावरून कँटर (संथ दौड), मग दोन, मध्ये दहा फूट. दिवाळीनंतर स्कूलमध्ये जाऊन एक बुटका क्रॉस (फुलीसारखे लावलेले दोन पोल), त्याच्या आधी आठ फुटांवर जमिनीवर एक पोल, ट्रॉटमध्ये. जमिनीवरचा पोल घोड्याला उडायची जागा दाखवतो, त्यामुळे कधी उडायचं हा निर्णय माझ्या हातात राहत नाही आणि हातही गप्प बसतात. शेवंतीला मात्र हे सगळं वेगळं, सावकाश करावं लागलं. आधी नुसतं लगामाने धरून पोलवरून चालवली, मग रिकामं खोगीर घालून, मग मी. जानेवारीत आम्ही ६० वर आलो. मे महिन्यात एकदाचं ९० झालं, गंगेत घोडं न्हालं. तिला त्यानंतर मी डबलवर कधीच नेलं नाही. तिथे मी घाबरलो की ती, हे मला सांगता येणार नाही.

जंपवर बसायच्या आधी अंतर स्वतः चालून मोजा. तुमची चार मोठी पावलं म्हणजे मोठ्या घोड्याची साधारण एक स्ट्राइड. मोठ्या स्पर्धांत स्वार आधी कोर्स पायी चालून पावलं मोजतात. २०२१ मध्ये टोकियोत फौआद मिर्झा इव्हेंटिंगमध्ये (घोडेस्वारीच्या तीन प्रकारांच्या एकत्र स्पर्धेत) २३वा आला, ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत २० वर्षांनी उतरलेला भारतीय. त्या दर्जाच्या माणसालाही कोर्स आधी पायी बघावा लागतो. आणि आमच्याकडे विद्यार्थी पोल मोजायला गेला की "घोड्यावर विश्वास ठेव" म्हणतात. घोड्यावर आहे हो विश्वास. पोल लावणाऱ्यावर नाही.

बाकीचं भराभर. डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टरने सोडेपर्यंत घोड्याच्या जवळपासही जाऊ नका. पडताना आपटलेलं हेल्मेट फेकून द्या, बाहेरून चीर दिसत नसली तरी. आतला फोम एकदा दबला की पुन्हा कामाचा नसतो. मनगटाचं प्लास्टर निघालं म्हणजे पकड आली असं नाही, दोन लिटरची भरलेली बाटली धरून हात फिरवून बघा. घोड्याची पाठ आणि पुढचे पाय कुणाकडून तरी तपासून घ्या, तोही पोलात अडकलाय. आणि किनाऱ्यावर जंप लावू नका, माझं वाचून कुणी लावेल म्हणून सांगतो. ओली वाळू दोन पावलांवर कडक, तिसऱ्यावर पोकळ असते. आम्ही फक्त सोट टाकायचो. शिवाय मी ट्रेनर नाही, आता नालबंदी करतो, तेव्हा चांगला ट्रेनर मिळाला तर त्याचं ऐका. आणि हो, नुसतं घसरून मऊ मातीत बसलात, कुठे दुखत नाही, घोडा शांत आहे, तर लगेच परत बसायला माझी ना नाही. माझं भांडण मोडलेल्या हाडाने बसवण्याशी आहे.

मागच्या वर्षी त्याच स्कूलमध्ये नाल ठोकायला गेलो होतो. सर आता निवृत्त झालेत, पण सहज आले होते. कोपऱ्यात डबल लावलेला. मी पेटीतली टेप काढली आणि त्यांच्यासमोरच मोजलं. २४ फूट. म्हटलं, सर, शेवंती १४ हँडची होती. ते टेपकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. पण तू खाली बघत होतास."

बघत होतो. उतरल्यावर मी ऑक्सरच्या पलीकडे नाही, त्याच्या पायथ्याशी बघितलं होतं. हे मी बापसालाही कधी सांगितलं नव्हतं. म्हणून अंतर चोवीस फुटांचं, शेवंतीच्या ढांगेला हवं होतं तेवढं, एकवीस होत नाही.

तुमच्या घोड्याची उंची किती, तुम्ही पडलात तिथे त्या ऑक्सरच्या आधी दुसरा जंप होता का, आणि असेल तर मध्ये किती फूट होते, ते खाली लिहा. क्लबातल्या कुणाला विचारून नको, स्वतः चालून मोजून लिहा.