जर्मनीत मास्टर्सला जायचंय? आधी पैशांचं गणित मांड

सरकारी विद्यापीठात फी नसते, म्हणजे शिक्षण फुकट, असं घरी सांगू नकोस. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरमागे १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली आहे आणि ती याहून बरीच जास्त आहे.

पण घाम फोडणारा आकडा ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याचा: ११,९०४ युरो, आणि तेही एकरकमी. हे पैसे कुणाच्या खिशात जात नाहीत. तिथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो तुलाच खर्चायला मिळतात. आई-बाबांना हे नीट समजाव, त्यांची अर्धी काळजी तिथेच मिटेल. कर्ज काढणार असशील तर बँक ही रक्कम कर्जात धरते का आणि कधी सोडते, हे लेखी घे. व्हिसा आल्यावर पैसे देऊ म्हणणारी बँक तुझ्या उपयोगाची नाही, कारण व्हिसासाठीच ते खातं भरलेलं लागतं.

एपीएस प्रमाणपत्राचं, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची तपासणी करून मिळणाऱ्या दाखल्याचं काम आजच सुरू कर. त्याला १८,००० रुपये लागतात, पण बहुतेकांना त्याशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही.

बऱ्याच जर्मन विद्यापीठांचे अर्ज युनी-असिस्ट या पोर्टलवरून जातात. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. म्हणून सरसकट अर्ज टाकू नकोस. आधी प्रवेशाच्या अटी उघडून तुझ्या पदवीचे विषय आणि क्रेडिट जुळतात का ते बघ. चांगले गुण असूनही मुलं इथेच बाद होतात. आणि ‘मोफत मार्गदर्शन’ देणारा एजंट फक्त खासगी कॉलेजांचीच नावं पुढे करत असेल, तर सरळ उठून ये.