ऊन फुकट आहे, मग डायच्या कंपन्या टायटॅनियम डायऑक्साइड टाकून उन्हातच सांडपाणी का शुद्ध करत नाहीत?

माझी सगळी नोकरी बडोद्याजवळ नंदेसरीत, डायच्या (रंगांच्या) कंपनीत ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, सांभाळण्यात गेली. अगदी हाच प्रश्न माझ्या साडूने एकदा आमच्या शेठसमोर विचारला होता. तेव्हापासून डोक्यात बसलाय, म्हणून लिहितो.

साडू प्राध्यापक, पीएचडी याच विषयात. मे महिन्यात कंपनीच्या गच्चीवर स्टीलचे ट्रे मांडले, टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड ढवळली आणि सोबत आणलेलं मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं पाणी ओतलं. दोन तासांत निळं पाणी रंगहीन. शेठ खूश, "थई गयुं!" मी म्हटलं, आता आपलं पाणी घ्या. रिॲक्टिव्ह डाय (कापडाचा एक रंग) मीठ घालून पाण्यातून वेगळा पाडल्यावर फिल्टर प्रेसखाली येतं ते. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, मिलिग्रॅम प्रति लिटर) 49,000, आणि रंग असा की बोट बुडवलं तर नख दिसत नाही. तीन दिवस उन्हात ठेवलं, ढिम्म फरक नाही. पडणार कसा? उजेड वरच्या थरातच अडतो. त्यातही या पुडीला लागतो साधारण 388 नॅनोमीटरच्या खालचा, म्हणजे उन्हाच्या ऊर्जेतला जेमतेम 5 टक्के. एवढं करून घाण तोडणारे जे हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, त्यांतले बरेच मीठच खाऊन टाकतं.

मग साडूने 50 पट पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत रंग गेला! मी सीओडी तपासायला मर्क्युरिक सल्फेट घालून (नाहीतर मिठातलं क्लोराइड घोळ घालतं) दोन तास रिफ्लक्स लावला, म्हणजे उकळत ठेवलं: सीओडी 980 चा फक्त 890 झाला. डायच्या रेणूतला रंग देणारा ॲझो बंध तुटला, पण रेणूचे तुकडे पाण्यातच. वर ती पूड इतकी बारीक की फिल्टर क्लॉथमधून सरळ पार, दुसऱ्या दिवशीही पाणी पांढरट. "रंग तर गेला ना?" असं तो अजूनही म्हणतो, दर गणपतीत, दांडिया बाजारात सासऱ्यांच्या घरी, मोदक खाता खाता.

हां, पद्धत खोटी नाही. बायोलॉजिकल (जिवाणूंच्या) प्रक्रियेनंतर उरलेले चिवट अंश, औषधांचे वगैरे, पाणी नितळ आणि मीठ कमी असेल तर जातात. स्पेनमध्ये अल्मेरियाला सौर रिॲक्टरवर वर्षानुवर्षं काम चाललंय. यूव्हीचे दिवे लावूनही होतं, पण मग ऊन फुकट असण्याचा मुद्दाच संपला.

कॉलेजचा प्रोजेक्ट असेल तर मिथिलीन ब्लू घेऊ नका, तो स्वतःच उजेड शोषतो आणि कॅटॅलिस्ट (ती पूड) नसतानाही थोडा फिका पडतो. फिनॉल घ्या, टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजा, आणि एक ट्रे पुडीशिवाय उन्हात ठेवा. साडूने तो ठेवला नव्हता.