स्टेशन वॅगनचं पहिलं किट घेताय? आधी हे बघा

प्लास्टिकची मॉडेल गाडी जोडायला शिकायचंय आणि पहिलं किट शेवरले नोमॅडचं, म्हणजे त्या जुन्या अमेरिकन स्टेशन वॅगनचं घ्यायचं म्हणताय? अरे वा, मस्त निवड! फक्त घेताना बॉक्सवरच्या तारखेवर जाऊ नका, ती बहुतेक वेळा री-इश्यूची (जुनंच किट पुन्हा बाजारात आणल्याची) असते, आतला साचा कितीतरी जुना निघतो. रेव्हेल कंपनीचं १९५७ नोमॅडचं किट दिसायला झकास आहे पण त्याचे दरवाजे उघडतात आणि नवीन माणूस तिथेच वैतागतो, गॅप जुळता जुळत नाहीत, म्हणून पहिलं किट बंद दरवाज्यांचंच घ्या.

एएमटीसारख्या किट कंपन्या आधी गाड्यांच्या डीलरांसाठी प्रोमो (जाहिरातीची छोटी) मॉडेल्स बनवायच्या, १९५८ पासून दरवर्षीची किट्स काढायला लागल्या, १/२५ स्केल (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढं मॉडेल) तिथूनच रुळलं. त्याची १/२४ शी गल्लत करू नका. खऱ्या नोमॅडचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) ११५ इंच, म्हणजे १/२५ मध्ये साधारण ११७ मिमी आणि १/२४ मध्ये १२२. पट्टी लावून मोजा, लगेच कळतं.

अचूकपणा बघायचा तर सुरुवातीला एवढंच:
- खऱ्या गाडीचा बाजूने काढलेला फोटो शेजारी ठेवून छताची रेषा आणि तिरका खांब बघा
- १९५५ च्या नोमॅडची मागच्या चाकावरची कमान पूर्ण गोल होती, १९५६ ला ती गेली, त्यामुळे वर्ष बघूनच तुलना करा
- टेलगेटवर (मागच्या झडपेवर) सात उभ्या क्रोम पट्ट्या हव्यात, रंगाचे जाड थर मारले की त्या बुजतात

आणि वॅगनला काचा भरपूर, त्यांना सुपरग्लू अजिबात लावू नका, पांढऱ्या पडतात. साधा पांढरा गोंद चालतो. फॉइल (क्रोमसाठी चिकटवायचा चकचकीत पातळ कागद), फोटो-एच (धातूचे बारीक सुटे भाग) वगैरे नंतर बघू, आधी एक गाडी पूर्ण करा आणि फोटो टाका!