पर्यावरणाचा प्रोजेक्ट आणि मेहता वकील

प्रश्न: ताई, माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे. पर्यावरणाचा प्रोजेक्ट म्हणजे काय, तर झेरॉक्सवाल्याकडून तयार प्रिंट आणायची, फेविकॉल लावायचा, झालं! मी बोलले तर म्हणते, आई, कुणी वाचत नाही गं. हा विषय सक्तीचा केला तरी कुणी? पुढे लॉ करायचं म्हणतेय, तिला यातून खरंच काही करता येईल का?
एक आई, पिंपरी

उत्तर: अहो, सक्ती केली सुप्रीम कोर्टाने, आणि कोर्टाच्या मागे लागलेला माणूस म्हणजे एम. सी. मेहता, वकील. ताजमहालची केस लढले तेच. 1988 साली कानपूरच्या गंगेच्या निकालात कोर्ट गटारं, सांडपाणी यावर बोलता बोलता हेही सांगून गेलं की पहिली ते दहावी आठवड्याला निदान एक तास नद्या, जंगलं, तळी शिकवा. मग मेहतांनी शिक्षणासाठी वेगळीच याचिका केली आणि 1991 मध्ये आदेश आला, थिएटरात दर शोला दोन स्लाइड फुकट दाखवा, रेडिओ-दूरदर्शनवर रोज पाच-सात मिनिटं द्या आणि शाळा-कॉलेजात विषय सक्तीचा करा. त्याचं आपण फेविकॉल करून टाकलं, त्यात लेकीचा एकटीचा दोष नाही.

आता तिच्यासाठी. पवना नदी तुमच्या दारात आहे. एकाच घाटावर दर रविवारी जायचं, फोटो काढायचा, तारीख-वेळ वहीत लिहायची, वास, फेस, जलपर्णी, जे दिसेल ते. नदीच्या पाण्याचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर असतात, त्यात बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन लागतो तो आकडा) बघायचा, तो वाढला की समजा सांडपाणी येतंय. मग आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, त्याला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि महापालिकेला एवढंच विचारायचं की या नाल्याचं पाणी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कुठल्या प्लांटला जातं, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना.

तारखेवर मी एवढी अडून बसले कारण हरित न्यायाधिकरणात (म्हणजे पर्यावरणाच्या वादांचं कोर्ट, त्याचं पश्चिमेचं खंडपीठ पुण्यातच आहे) अर्ज करायचा तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून साधारण सहा महिन्यांची मुदत असते, आणि तारीख नसलेला फोटो तिथे फारसा कामाचा नाही. लॉ करायचंय ना तिला, मग ही सवय आत्तापासूनच लागू दे.

आणि हो, घाटावर एकटीला पाठवू नका, मैत्रिणी घेऊन जाऊ दे.