पकड वॉरंट निघालंय, आता काय करायचं?

यावेळी आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सॲप मेसेजमध्ये वॉरंटचेच प्रश्न जास्त होते, म्हणून चारही प्रश्न त्याच विषयावरचे घेतलेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : २०२१ ला बांधाच्या वादातून मारामारी झाली, मालकांवर केस झाली, जामीनही झाला. दसऱ्यानंतर आम्ही ऊसतोडीला कारखान्यावर आलो आणि चार तारखा चुकल्या. आता पोलीस घरी येऊन सासूबाईंना सांगून गेले की पकड वॉरंट आहे. चुलत दीर जामीन राहिले होते, त्यांनाही कोर्टाची नोटीस आली. मालक म्हणतात हंगाम संपल्यावर बघू. चालेल का? (एक भगिनी, ता. केज, जि. बीड)

उत्तर : ताई, हंगाम संपायची वाट बघू नका. वॉरंटला मुदत नसते. ज्या कोर्टानं काढलं त्यानं स्वतः रद्द केल्याशिवाय किंवा त्याची बजावणी झाल्याशिवाय ते संपत नाही, फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्यात, सीआरपीसीत, हे कलम ७० मध्ये होतं आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएस या नव्या कायद्यात कलम ७२ मध्ये आहे, अर्थ तोच. म्हणजे चार महिन्यांनी काय आणि चार वर्षांनी काय, पोळ्याला गावी आलेल्या माणसाला पोलीस त्याच कागदावर उचलू शकतात. आणि माणूस मुद्दाम लपतोय असं कोर्टाला वाटलं तर फरारी असल्याचा जाहीरनामा निघतो, त्यात हजर व्हायला किमान ३० दिवस देतात, आणि जमिनीवर घरावर जप्तीही येऊ शकते. तारीख चुकणं वेगळं आणि फरारी ठरणं वेगळं, तुमचं प्रकरण अजून पहिल्यातच आहे तोवर हालचाल करा.

एक कोयता, म्हणजे तोडणारी नवरा-बायकोची जोडी, बंद राहिला की खाडा पडतो, मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फिटत नाही, हे मला चांगलं माहीत आहे, बीड जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांत हिवाळ्यात कितीतरी पुकारे असेच रिकामे जातात. तरी मालकांना चार दिवस काढून यायला सांगा. पोलिसांनी धरून नेलेला माणूस आणि स्वतःच्या पायानं येऊन उभा राहिलेला माणूस, कोर्ट दोघांकडं एका नजरेनं बघत नाही.

यायचं तर सोमवारी किंवा मंगळवारी या, सकाळी कोर्ट बसायच्या आत. शुक्रवारी दुपारी कधीच नको, कारण अर्ज फेटाळला गेला किंवा नवीन जामीनदार मागितला आणि कागद पुरे झाले नाहीत तर शनिवार-रविवार आतच निघतो. आधी वकिलांना केस नंबर देऊन रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेची कोर्टातली नोंद, बघायला सांगा, म्हणजे वॉरंट जामीनपात्र आहे की अजामीनपात्र, आणि जुना जातमुचलका, म्हणजे हजर राहायची लिहून दिलेली हमी, जप्त झालाय का ते कळेल. मग वॉरंट रद्द करायचा अर्ज, आणि मुचलका जप्त झाला असेल तर नव्या जामिनाचाही अर्ज. आधारकार्ड, फोटो, सोबत एक जामीनदार त्याच्या सातबारा किंवा घरपट्टीच्या पावतीसह तयार ठेवा. अर्जात कारण खरं लिहा: ऊसतोडीला गेलो होतो. कारखान्याची स्लिप, टोळीच्या हिशोबाची वही, काय असेल ते जोडा. खोटं मेडिकल सर्टिफिकेट जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पकडलं गेलं तर साधी गैरहजेरी मोठं प्रकरण होऊन बसते आणि कोर्टाचा विश्वास गेला की पुढच्या प्रत्येक अर्जाला त्रास होतो. बहुतेक वेळा कोर्ट थोडा खर्च लावून किंवा नवा मुचलका घेऊन वॉरंट रद्द करतं. पण नक्की रद्द होईलच अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा, अशी हमी कुणाच्याच हातात नसते.

दिरांनी पण त्याच दिवशी यावं. त्यांना आलेली नोटीस म्हणजे लगेच लिलाव नाही, तुमच्याकडून रक्कम का वसूल करू नये एवढंच कोर्ट विचारतंय. आरोपी हजर झाला आणि कारण पटलं तर कोर्ट ती रक्कम कमी करू शकतं, पण उत्तरच दिलं नाही तर वसुली लागते. कुणीतरी नात्याखातर आपली जमीन तुमच्यासाठी लावलीय ताई, ते लक्षात ठेवा.

पुढच्या हंगामाआधी वकिलांना सांगून ठेवा, ज्या तारखेला येणं होणार नाही त्या तारखेला हजेरी माफीचा अर्ज पडलाच पाहिजे. वकिलाची फी झेपत नसेल तर केजच्याच कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडं जा किंवा मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या नंबरला फोन करा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईला, कोठडीत असलेल्याला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकी बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

आणि वॉरंट रद्द झालं की काम झालं असं समजून घरी जाऊ नका. ऑर्डरची नक्कल काढा, एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, एक मालकांच्या पाकिटात. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, वॉरंट रद्द झालेलं असतानाही एका माणसाला १५ ऑगस्ट २००२ ला, सुट्टीच्या दिवशी अटक झाली होती. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये कोर्टानं सांगितलं की अजामीनपात्र वॉरंटचं रजिस्टर ठेवा, रद्द झालेल्याची नोंद करा. पण ठाण्यातल्या हवालदाराकडं जुना कागद तसाच राहिलेला असू शकतो, म्हणून पोच आपल्याकडं हवी.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या हप्त्याचा चेक परत गेला होता. २०२३ ला सगळे पैसे भरले, फायनान्सची एनओसी आहे. तरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टाचं वॉरंट घेऊन पोलीस आले. असं कसं? (शेतकरी वाचक, जि. हिंगोली)

उत्तर : भाऊ, पैसे भरल्यानं कर्ज मिटलं, केस मिटली नाही. चेक न वटल्याची कलम १३८ ची केस फिर्यादीनं कोर्टात जाऊन तडजोडीची किंवा केस काढून घेतल्याची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिल्याशिवाय चालूच राहते. कंपनीनं पैसे घेतले, एनओसी दिली आणि पुरसिस द्यायचं राहून गेलं, असं खूप ठिकाणी होतं आणि हेलपाटे शेतकऱ्याच्या नशिबी येतात, याचा मला मनापासून राग आहे. दुसरा जिल्हा यासाठी की चेक ज्या खात्यात भरला त्या खात्याची शाखा जिथं, तिथल्या कोर्टात केस होते, २०१५ पासून कायद्यात हे स्पष्ट आहे.

गुन्हा जामीनपात्र आहे, घाबरू नका. तुमच्या जिल्ह्यातच धरलं आणि वॉरंट काढणारं कोर्ट ३० किलोमीटरच्या आत नसेल तर साधारणपणे जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढं नेतात, तिथं जामीन देता येतो, मात्र त्यानंतर मूळ कोर्टात जावंच लागतं. त्यापेक्षा आधीच एनओसी, भरल्याच्या पावत्या, बँक स्टेटमेंट घेऊन त्या कोर्टात जा, वॉरंट रद्द करून घ्या आणि कंपनीच्या वकिलाला लेखी कळवून पुरसिस द्यायला लावा. लोकअदालत जवळ असेल तर प्रकरण त्यात ठेवायला सांगा, एका दिवसात निघतं.

प्रश्न : मी औशाचा, सहा वर्षांपासून चाकणला कंपनीत आहे. कॉलेजात असताना भांडणाची एक केस झाली होती, एकदा कोर्टात गेलो, पुढं काय झालं माहीत नाही. आता पासपोर्ट काढायचाय. वॉरंट आहे का हे कसं कळेल? (वाचक, चाकण)

उत्तर : भाऊ, मोबाईलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी ॲप फुकट आहे, वेबसाईटपण आहे. त्यात महाराष्ट्र, मग लातूर जिल्हा, मग औसा कोर्ट निवडायचं आणि पक्षकाराचं नाव व वर्ष टाकून शोधायचं. इथंच लोक चुकतात. एंट्री करणाऱ्यानं नाव इंग्रजीत कसंही लिहिलेलं असतं, म्हणून पूर्ण नाव न टाकता पहिली तीन-चार अक्षरं टाका, आडनावानं वेगळं शोधा, स्पेलिंग बदलून बघा, मागचं-पुढचं वर्षही बघा. पोलीस ठाणं आणि गुन्हा नंबर माहीत असेल तर त्यावरूनही सापडतं, आणि तो रस्ता जास्त पक्का. केस सापडली की तिचा १६ अक्षरी-आकडी सीएनआर नंबर लिहून ठेवा, पुढं तेवढ्यावर सगळं उघडतं.

मग तारखांचा इतिहास बघा. कशासाठी तारीख आहे त्या रकान्यात एनबीडब्ल्यू असेल तर अजामीनपात्र, बीडब्ल्यू असेल तर जामीनपात्र, समन्स असेल तर अजून वॉरंटपर्यंत गेलेलं नाही. पण ॲपवर काही दिसलं नाही म्हणजे काही नाही असं समजू नका. आरोपी सापडत नाही म्हणून वर्षानुवर्षं पडलेल्या केसेस डॉरमंट फाईलला, म्हणजे चालू केसेसमधून काढून बाजूला, टाकलेल्या असतात. औशाच्या एखाद्या वकिलांना कोर्टात सर्च घ्यायला सांगा. ठाण्यात स्वतः विचारायला जाऊ नका, वॉरंट असेल तर तिथंच बसवून घेतील आणि ते त्यांचं कामच आहे.

पासपोर्टच्या अर्जात केस लपवू नका. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात केस चालू असणं आणि वॉरंट निघालेलं असणं, दोन्ही नकाराची कारणं आहेत. आधी वॉरंट रद्द करा, मग त्याच कोर्टाकडं पासपोर्टसाठी परवानगी मागा, ती मिळू शकते. आणि अशी जुनी किरकोळ केस असेल तर समोरच्यांशी बोलून बघा, गुन्हा तडजोडीला पात्र असेल तर एकदाची मिटवूनच टाका.

प्रश्न : व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशातल्या माणसानं माझ्या नावाचं वॉरंट दाखवलं, फोन कट करू नका म्हणाला आणि पैसे ट्रान्सफर करायला सांगितले. मी दिले नाहीत, पण झोप लागत नाही. (निवृत्त शिक्षक, परभणी)

उत्तर : गुरुजी, निवांत झोपा. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक, असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. खरं वॉरंट लेखी असतं, त्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो, आणि ते पैसे भरून रद्द होत नाही, कोर्टापुढंच होतं. धरलं तरी प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यावंच लागतं. मनाच्या समाधानासाठी वर सांगितलं तसं ॲपवर स्वतःचं नाव शोधून बघा. तो नंबर आणि स्क्रीनशॉट ठेवून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर तक्रार करा, पैसे गेले नसले तरी करा, आणि तुमच्या सोबतच्या निवृत्त मंडळींना पण सांगा.